मधमाश्यांना कोणी सांगायचं

माझ्या सासऱ्यांचा सगळ्यांत जास्त जीव कुणावर होता, असं विचारलं तर मी श्वास न घेता सांगेन, मधमाश्यांवर. त्यानंतर सासूबाईंवर, मग बैलांवर. मुलगा आणि सून त्याच्याही खाली कुठेतरी यायचे, तेही आम्ही पाणी भरून आणलं असेल तर.

आता मी हे हसून सांगते. तेव्हा मात्र माझं डोकं तडकायचं. मी लोहाराची मुलगी. आमच्याकडे माशी दिसली की फडका उचलायचा, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन इलिनॉयमध्ये ओबेड टटल यांच्या घरी आले, तर दारापासून सफरचंदाच्या झाडांपर्यंत नुसती गुणगुण. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, केझाया त्यांचं नाव, मला दंडाला धरून पेट्यांपाशी नेलं. कमरेची घराची किल्ली काढली, एकेका पेटीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "ही थर्झा. आपल्या लेव्हायची बायको. आजपासून घरातली." मी मनात म्हटलं, बापाने कुठल्या वेड्यांच्या घरात लोटलं मला.

पण ती त्यांची रीत होती, समुद्रापलीकडून आणलेली. लग्न, बाळंतपण, मयत, घरात काहीही झालं की मधमाश्यांच्या कानावर घालायचं. मालक गेला तर त्याच्या बायकोने घराच्या किल्लीने पेटीवर तीनदा ठोकायचं, 'तुमचा मालक गेला, आता मी आहे, राहा' असं सांगायचं आणि पेटीला काळं कापड बांधायचं. तेही मालक मातीत जायच्या आधी. नाही सांगितलं तर माश्या मनाला लावून घेतात, निघून जातात नाहीतर पेटीतच मरतात. मानपानाच्या बाबतीत त्या आमच्या पाद्रीबाईंच्या वरताण होत्या.

गंमत अशी की स्वतः सासूबाईंना त्या माश्या डोळ्यांसमोर नको असायच्या. "लग्न मी एकट्या माणसाशी केलं होतं," त्या म्हणायच्या, "हे वऱ्हाड कायमचं राहायला येईल असं कुणी सांगितलं नव्हतं." रीत मात्र पाळायच्या. रीत म्हणजे रीत.

मग ओरेगॉनला जायचं ठरलं. थोरले दीर आधीच तिकडे जाऊन बसले होते. त्यांचा निरोप आला की जमीन लोण्यासारखी आहे, सफरचंदाची झाडं फुलतात झकास, पण फळ धरत नाही, कारण मधमाशी इथे औषधालाही नाही. झालं. सासऱ्यांच्या अंगात वारं शिरलं. घर विकलं, बाकीच्या पेट्या शेजाऱ्यांना दिल्या आणि सगळ्यांत जुनी, अक्रोडाच्या फळ्यांची पेटी गाडीच्या मागच्या टोकाला गवताच्या गादीवर बसवली. दाराला बारीक जाळी आणि वर ओलं गोणपाट. गाडीत तेवढी एकच सावलीची जागा होती. ती माश्यांना मिळाली आणि मी चालत निघाले.

घर विकलं तरी किल्ली सासूबाईंनी दिली नाही. विकत घेणारा मागत राहिला. "कुलूप विकलंय," त्या म्हणाल्या, "किल्ली विकलेली नाही. नवी करून घ्या."

प्लॅट नदीच्या काठाकाठाने आमचा तांडा चालला होता. झाड नाही, टेकडी नाही, गवत आणि आभाळ. त्या आभाळाची मला पहिले काही दिवस भीतीच वाटली. झाकण उडालेल्या डब्यात आपण पडलोय असं वाटायचं. सासरे दिवसभर गाडीच्या मागून चालत, तासातासाने गोणपाट ओलं करत. माणसांना पिण्याचं पाणी मोजून, माश्यांना हवं तेवढं. मुक्काम लवकर पडला की जाळी काढत. माश्या भसकन बाहेर पडत, गवतातल्या फुलांवर जात आणि सूर्य टेकायला आला की एकूण एक घरी. रोज नवी जागा, तरी रस्ता चुकत नसत. सासरे पेटीशेजारी मांडी घालून त्यांची वाट बघत आणि शेवटची आत गेली की जाळी लावून मगच जेवायला येत. सासूबाईंचं तोंड तोवर सुरूच असे.

तांड्याचा म्होरक्या कॅप्टन प्रूइट घोड्यावरून येता-जाता टोमणा मारायचा. "काय ओबेडकाका, एवढे प्रवासी फुकट नेताय? भाडं घ्या की!"

"तुम्ही मागून बघा," सासरे म्हणत. "देतील हातावर."

एका नदीफाट्यावर पोनी या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांचा मुक्काम होता. त्यांच्यातली एक म्हातारी पेटीजवळ आली, आतली गुणगुण ऐकली आणि हसली. त्यांची बोली जाणणाऱ्या आमच्या एका माणसाने अर्थ सांगितला. ती म्हणत होती, या माश्या आम्हाला ठाऊक आहेत. आधी या येतात, मग मागोमाग तुम्ही गोरे येता. तिचं हसू मला नीटसं कळलं नाही. सासऱ्यांना मात्र कळलं असावं, कारण त्या दिवशी ते कुणाशी फारसे बोलले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तांड्यात पटकी शिरली. आधी पुढच्या गाडीत, मग मागच्या. आणि एक दिवस सकाळी गोणपाट ओलं करणारे माझे सासरे दुपारी गाडीत आडवे झाले. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा ओळखू येईना, इतका आटला होता. सासूबाई त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होत्या आणि रागावत होत्या. घाबरल्या की त्या रागवायच्या.

"केझाया," ते म्हणाले, "माझ्या माश्या पोचव."

"तुझ्या तू पोचव," त्या फणकारल्या. "मी काय तुझी हमाल आहे?"

ते हसले. मला दिसलं, ओठांचा एक कोपरा हलला. त्यावर ते काही बोलले नाहीत, नंतरही नाहीत. सूर्य टेकला तेव्हा ते गेले. ज्या वेळी त्यांच्या माश्या घरी यायच्या, तीच ती वेळ होती.

पहाटे त्यांना पुरलं. सासूबाईंच्या लग्नातल्या दोन तागाच्या चादरी होत्या. त्यांतल्या एकीत गुंडाळलं. कबर वाटेच्या अगदी मधोमध खणली, सगळे तसंच करायचे. माती बुजवली, आणि मग तांड्यातल्या सगळ्या गाड्या एकेक करून तिच्यावरून गेल्या. लांडग्यांना वास लागू नये, माती कुणी उकरू नये म्हणून. आमचीही गाडी गेली. चाक वरून जाताना गाडी किंचित खाली बसली आणि पुन्हा वर आली. मी वळून पाहिलं तेव्हा वाट होती, दुसरं काही नव्हतं. माणूस असा पुसून टाकलेला मी कधी पाहिला नव्हता. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण सासूबाई पुढे तोंड करून ताठ बसल्या होत्या, म्हणून मीही गप्प राहिले.

त्या रडल्या नव्हत्या. सकाळी त्यांनी गोवऱ्या पेटवून कॉफी केली, दोन कप भरले, एक स्वतः प्यायल्या आणि दुसरा गार होईपर्यंत तसाच राहू दिला. ओबेड हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. गेला हा शब्दही नाही.

कबरीवर माती पडायच्या आधी लेव्हाय त्यांच्याकडे गेला होता. माझा नवरा वाघासारखा गडी, पण आईसमोर त्याचं मांजर व्हायचं.

"आई, माश्यांना सांगायला हवं ना?"

"काय सांगायचं?"

"बाबांचं."

"बाबांचं काय?" त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्या वळल्या आणि बैलांचं जू तपासायला लागल्या.

लेव्हाय माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. "ती सांगत नाही," तो म्हणाला. "आणि ती असताना मी सांगू शकत नाही. तो तिचा मान आहे. काय करू?"

"निदान कापड तरी बांध," मी म्हटलं. मला त्या रीतीचं फार काही नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघवेना. मी माझा काळा परकर काढून दिला. त्याने तो उसवून पेटीभोवती नीट लपेटला, वरून, बाजूंनी, दारावरून, आणि घट्ट गाठी मारल्या. काम अगदी व्यवस्थित केलं त्याने. बापाचं शेवटचं काम म्हणून.

इलिनॉयमध्ये असं कापड सफरचंदाच्या सावलीत बांधलं जायचं. इथे सावली नव्हती, आणि गोणपाट ओलं करणारा माणूस वाटेच्या मातीखाली होता. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मैल-दोन मैल गेलो असू, तेवढ्यात एका ओढ्यात आमच्या गाडीचं चाक मोडलं. कशीबशी ती पलीकडे ओढली. कॅप्टनने सगळ्यांनाच थांबवलं, बैल सोडले, लेव्हाय आणि आणखी दोघे चाकाशी भिडले. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका. गाडीची दांडी वर उचलून, तिला आडवं जू बांधून उभी केली होती.

सासूबाईंनी गाडीतून सासऱ्यांचा कोट बाहेर काढला. तपकिरी लोकरीचा, कोपरांवर ठिगळं लावलेला. उभ्या आयुष्यात त्यांनी माश्यांची कामं त्याच कोटात केली होती. मेण, मध, धूर, सगळं त्याच्या धाग्याधाग्यात मुरलं होतं. धुऊन काही उपयोग नसायचा. सासूबाईंनी तो झटकला आणि जुवावर खांदे बसवून टांगला. लांबून कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं.

कॅप्टन प्रूइट आला. "बाई, कपडे जाळायला सांगितले होते मी."

"बाकीचे जाळले."

"कोटही जाळायला हवा. पटकी कपड्यातून पसरते. मला सगळ्यांचा विचार करायचाय."

"ऊन देतेय. उन्हाने रोग जातो."

"आणि नाही गेला तर?"

"तर मी घालीन तो. तुम्हाला कुणी घालायला सांगितलंय का?"

प्रूइट वाईट माणूस नव्हता. स्वतःचं एक मूल त्याने त्याच वाटेवर मातीत ठेवलं होतं. त्याने कोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाक बसेपर्यंत वेळ देतो. तोवर तुम्ही जाळा, नाहीतर मी येऊन जाळतो." आणि गेला.

मी पाण्याचं भांडं आणायला गाडीच्या मागे गेले, तर धुळीत काहीतरी टपटपत होतं. वाटलं, वंगणाचं डबडं सांडलं. बोट लावलं. मध होता. कोमट, पातळ मध, फळ्यांच्या फटीतून काळ्या कापडाखालून गळत होता. त्यात बुडालेल्या माश्या होत्या. आणि आतून जो आवाज येत होता, तो गुणगुणण्याचा नव्हता. कुणीतरी तोंड दाबलंय आणि ओरडू देत नाहीये, तसा तो आवाज.

"लेव्हाय!" मी किंचाळले. "अरे पेटी वितळतेय!"

तो धावत आला, पण सासूबाई त्याच्याआधी पोचल्या. त्यांनी कापडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं ते तापलं होतं. मग गाठी सोडवायच्या भानगडीत न पडता दातांनी फाडलं. "कुणी बांधलं हे? गाढवांनो, उन्हात काळं बांधतात?"

"रीत आहे ना आई," लेव्हाय म्हणाला. तो रडत होता. "तू सांगितलं नाहीस. मी निदान कापड तरी..."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग जाळीचा खिळा उपटला आणि झाकण उघडलं.

आतल्या मधाच्या पोळ्यांपैकी निम्मी सुटून तळाशी पडली होती. वाचलेल्या माश्या आधी झाकणाच्या कडेवर आल्या, चिकट, एकमेकींवर चढत. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग सगळ्या उठल्या.

मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत चाललेले रानरेडे पाहिले, बर्फाचे डोंगर पाहिले, समुद्रही पाहिला. पण त्या दुपारी पेटीतून जे उठलं त्याने माझे गुडघे टेकवले. खरंच टेकवले, मी धुळीत बसले. एवढ्याशा पेटीत एवढं मावलं कसं? काळसर-सोनेरी धूर फिरत फिरत वर चढला आणि रुंद झाला, आमच्या गाडीवर, बैलांवर, ओढ्यावर. ऊन त्यातून गाळून येत होतं. आवाज कानांनी ऐकू येत नव्हता, छातीत लागत होता. चाकाशी असलेले दोघे हातातलं टाकून पळाले. बैलांनी माना खाली घातल्या आणि निमूट उभे राहिले.

"गेल्या," लेव्हाय म्हणाला. "कुणी सांगितलं नाही, म्हणून गेल्या."

झाड असतं तर माश्या फांदीवर बसल्या असत्या. पण तिथे झाड नव्हतंच, कोसभर काय, दिवसभराच्या वाटेत नव्हतं. थवा वर गेला आणि आम्ही आलो त्याच दिशेला, पूर्वेला, सरकायला लागला. सासूबाई झाकण हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच उघडी भीती पाहिली, तिच्यात रागाचा लवलेश नव्हता. नवऱ्याने एक गोष्ट मागितली होती, त्यावर त्या फणकारल्या होत्या, आणि आता ती गोष्ट आभाळात विरघळत चालली होती. हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं लख्ख दिसत होतं की मला मान फिरवावी लागली.

मान फिरवली म्हणूनच मला आधी दिसलं. एक माशी कोटाच्या गळ्यावर बसली. मग आणखी दोन. मग मूठभर. आणि वरचा सगळा थवा जागच्या जागी वळला, खाली वाकला आणि कोटावर उतरायला लागला.

"आई," मी म्हटलं. "आई, बघा."

त्या गळ्यावर बसल्या, खांद्यांवर बसल्या, आत शिरल्या. एकीला दुसरी धरून लोंबत राहिली. रिकामा कोट भरायला लागला. आधी खांदे भरले, मग छाती भरली, मग पोट सुटलं, अगदी सासऱ्यांचं सुटलं होतं तेवढं. उजवी बाही फुगली. डावी तशीच रिकामी लोंबत राहिली. आणि मग आवाज उतरला, आणि जुवावर कोट घातलेला एक माणूस आमच्यासमोर उभा होता, किंचित पुढे वाकून, सासरे पेटीपाशी वाकायचे तसा. त्याची छाती हळूहळू वरखाली होत होती. श्वास घेत होती ती.

मी देवाधर्माची फार बाई नाही, आणि मेण-मधाच्या वासावर माश्या येतात हे मला आता कळतं. कळून काही फरक पडत नाही. तेव्हा मी जे पाहिलं ते तसंच आहे.

कॅप्टन प्रूइट नेमका तेव्हाच आला, हातात पेटती गोवरी चिमट्यात धरून. त्याने कोट पाहिला. चिमटा हळूच खाली घेतला, गोवरी पायाखाली विझवली आणि टोपी काढली. तांड्यातली माणसं एकेक करून जमली, पण लांबच उभी राहिली.

सासूबाई झाकण खाली ठेवून पुढे गेल्या. तोंडावर जाळी नाही, हातात धूर नाही. मी त्यांचा पदर धरावा तसा झगा धरला, त्यांनी तो सोडवला. कोटापासून हातभर अंतरावर त्या थांबल्या आणि कमरेची किल्ली काढली. विकलेल्या घराची. गाडीच्या दांडीवर त्यांनी तीनदा ठोकलं.

माश्यांनी एकदम एकच आवाज काढला, सुस्कारा टाकावा तसा. आणि त्या गप्प झाल्या.

"ऐका," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा मालक..."

त्यांच्या समोर त्या कोटाची छाती वरखाली होत होती. मला वाटलं, त्या वळतील, परत येतील आणि आयुष्यभर काही बोलणार नाहीत.

"ओबेड गेला," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी. तुमची घरी यायची वेळ होती. त्याला वाटेत पुरलं आणि वरून गाड्या नेल्या. माझीही नेली. खूण ठेवली नाही. मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही." त्यांनी नाक पुसलं. "त्याने मला तुम्हाला पोचवायला सांगितलं, आणि मी म्हणाले, मी काय हमाल आहे. तो हसला हो. शेवटचा हसला तो माझ्यावर."

मग त्या रडल्या. उभ्या उभ्या, दोन्ही हात बाजूला सोडून, लहान मुलीसारख्या. लेव्हाय पुढे निघाला, मी त्याला धरून ठेवलं. काही माश्या उडून त्यांच्या मनगटावर, केसांवर बसल्या. एकीनेही दंश केला नाही.

"आता मी आहे," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "मला तुमच्यातलं ओ की ठो कळत नाही. इतकी वर्षं शिव्याच घातल्या मी तुम्हाला. पण पाणी देईन, सावली देईन, आणि पोचवीन. राहायचं असेल तर राहा. जायचं असेल तर जा. पण केझायाने सांगितलं नाही, असं म्हणू नका."

पेटी मी आणि लेव्हायने खरवडून पुसून काढली. फुटलेली पोळी टाकली, शाबूत होती ती ठेवली. सासूबाईंनी उरलेली तागाची चादर आणली. तिची जोडीदार सकाळी मातीत गेली होती. ती त्यांनी पेटीच्या दारापासून जमिनीवर पसरली, अंगणात वाळवण घालावं तशी. मग कोट जुवासकट उतरवला, दोघांनी धरून, आणि एकदाच जोरात झटकला.

माश्यांचा ढीग चादरीवर पडला आणि पसरला. दाराजवळच्या काही माश्यांनी शेपट्या वर केल्या आणि पंख हलवायला लागल्या. मग ढिगाने एक दिशा धरली. सगळ्या, अक्षरशः सगळ्या, पांढऱ्या चादरीवरून पेटीकडे चालायला लागल्या. उडणाऱ्या जिवांना एवढं चालता येतं हे मला माहीत नव्हतं. घाई नाही, ढकलाढकल नाही. देवळातून माणसं घरी निघतात ना, तशा त्या घरी गेल्या. सासूबाई गुडघ्यावर बसून स्वतःची सावली त्यांच्यावर धरून होत्या.

चाक बसून बराच वेळ झाला होता. कॅप्टन प्रूइट घुटमळत आला. "बाई, सांगवत नाही, पण पुढचं पाणी लांब आहे. निघायला लागेल."

"निघू या," सासूबाई म्हणाल्या. कोट त्यांच्या हातात होता, पुन्हा सपाट, पुन्हा ठिगळांचा. त्यांनी त्यावर रेंगाळलेली शेवटची माशी बोटावर घेतली, पेटीच्या दारात सोडली आणि कोट प्रूइटपुढे धरला. "घ्या. जाळा. आता यात कुणी नाही."

तो जळाला तेव्हा मेणाचा वास दूरवर पसरला. लेव्हायने पेटीवर ओलं गोणपाट घातलं, दोनदा हात लावून बघितलं आणि जाळी लावायला घेतली. पण काही माश्या अजून बाहेरच होत्या. ज्या जागी कोट टांगला होता, तिथे हवेत मूठभर माश्या गोल गोल फिरत होत्या. दांडी खाली घेतली होती, बैल जुंपले होते, तरी त्या तिथेच, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

"आई, थोडं थांबू या," लेव्हाय म्हणाला. "या राहतील नाहीतर इथेच. संध्याकाळी घर शोधत बसतील."

सासूबाईंनी त्या माश्यांकडे पाहिलं. मग आम्ही आलो होतो त्या वाटेकडे पाहिलं, मैल-दोन मैल मागे, जिथे काही खूण नव्हती. माशीला तेवढं अंतर काहीच नसतं.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "त्याला सोबत होईल."

त्यांनी स्वतःच्या हाताने जाळी लावली आणि गाडीत चढून पेटीशेजारी बसल्या. या वेळी त्यांनी तोंड मागच्या बाजूला केलं होतं.